छापा मारणं सोपं, परतणं अवघड!

(टर्न-बेस्ड गेममधल्या अचानक हल्ल्याचा अभ्यास, बुऱ्हाणपूरच्या साक्षीने)

आपल्या मराठी विभागात 'विज्ञान : शाप की वरदान' हा लेख दरवर्षी असतोच. यंदाही कुणीतरी लिहिला असेल, त्याला शुभेच्छा. मी मात्र अशा विषयावर लिहिणार आहे ज्यावर होस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत चर्चा होते आणि सकाळी आठच्या लेक्चरला कुणीच कबूल करत नाही. विषय आहे गेम. पण थांबा, हा लेख टाइमपासचा नाही. यात थोडं गणित आहे, थोडा इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्या खानदेशचा आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. हिवाळ्याचे दिवस, रूमवर एकच धड चालणारा लॅपटॉप आणि खेळणारे चौघं. अशा वेळी 'हॉट सीट' हा प्रकार कामी येतो. म्हणजे आपली टर्न संपली की खुर्चीवरून उठायचं आणि पुढच्याला बसू द्यायचं. गेम होता 'बॅटल फॉर वेसनॉथ'. २००३ पासून फुकट मिळतो, ओपन सोर्स आहे, जुन्या मशीनवरही पळतो आणि लिनक्सवरही चालतो, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पोरांना देवासारखा. पैज भरीत पार्टीची. वांगी, मिरच्या, तेल, कळण्याच्या भाकरी, सगळा खर्च हरणाऱ्याचा.

मी आठ लांडगेस्वार घेतले, जंगलाच्या कडेने गुपचूप नेले आणि समोरच्याच्या बगलेत घुसवले. एका टर्नमध्ये त्याची तीन युनिट उडवली. मी तर खुर्चीवरून उठताना कॉलर ताठ केली होती. समोरचा गडी चोपड्याकडचा, शांत डोक्याचा. तो बसला, नकाशा बघितला आणि म्हणाला, "आते काय करशी भो?" पुढच्या दोन टर्नमध्ये माझे आठच्या आठ लांडगे संपले. भरिताचा खर्च मी केला.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात बसला. हल्ला तर अचानक झाला होता, मार पण बसला होता. मग चुकलं कुठे?

टर्नमध्ये 'अचानक' म्हणजे काय?

आधी एक शंका मिटवू. ज्या गेममध्ये दोघांना आळीपाळीने खेळायचं असतं, तिथे अचानक हल्ला होईलच कसा? काउंटर स्ट्राइकमध्ये ठीक आहे, जो आधी माऊस दाबेल तो जिंकला. इथे तर समोरच्याकडे विचार करायला हवा तेवढा वेळ आहे.

उत्तर बुद्धिबळाशी तुलना केली की सापडतं. बुद्धिबळातही आळीपाळीनेच खेळतात, पण एका वेळी एकच मोहरा हलतो. वेसनॉथ, सिव्हिलायझेशन, ॲडव्हान्स वॉर्स या गेममध्ये आपल्या टर्नला आपली अख्खी फौज हलते, आणि तेवढा वेळ समोरची अख्खी फौज पुतळ्यासारखी उभी असते. म्हणजे बुद्धिबळात सलग वीस चाली मिळाल्यासारखंच! या गेममधल्या छाप्याचं मूळ इथे आहे. समोरच्याला वेळ भरपूर आहे, पण तो वेळ त्याच्या टर्नपुरता. आपल्या टर्नमध्ये त्याच्या हातात काही नाही.

याचा फायदा किती? साधा हिशोब करू. दोन्ही बाजूंना आठ-आठ तोफा. प्रत्येक तोफेचा नेम लागण्याची शक्यता निम्मी, आणि नेम लागला की समोरची एक तोफ गेली. सरासरी धरून चालू.

पहिला मी. माझ्या आठ तोफा डागल्या, त्याच्या चार गेल्या, चार उरल्या. त्याने चार डागल्या, माझ्या दोन गेल्या, सहा उरल्या. मी सहा डागल्या, त्याच्या तीन गेल्या, एक उरली. त्या एकीने डागलं, म्हणजे माझी अर्धी गेली म्हणू. पुढच्या टर्नला तो संपला. माझ्याकडे पाच-सहा तोफा शिल्लक! फौज सारखी, नेम सारखा, फरक फक्त पहिला बार कुणाचा एवढाच. आणि समजा मी लपून होतो, त्याला पत्ताच नव्हता, त्यामुळे मला लागोपाठ दोन टर्न फुकट मिळाले. पहिल्यात चार गेल्या, दुसऱ्यात उरलेल्या चार. माझी एकही तोफ गेली नाही.

ॲडव्हान्स वॉर्स (गेम बॉय ॲडव्हान्स, २००१) खेळलेल्यांना हे माहीत असेल. तिथे मार खाल्लेलं युनिट उलट मारताना कमी ताकदीने मारतं, म्हणून आधी मारणाऱ्याचा दुहेरी फायदा. एक्सकॉम २ (२०१६) मध्ये तर बहुतेक मिशनची सुरुवातच लपलेल्या अवस्थेत होते. सगळ्या सैनिकांना मोक्याच्या जागी बसवायचं, बाकीच्यांना 'ओव्हरवॉच'वर ठेवायचं आणि एकाने पहिली गोळी झाडायची. एरवी ओव्हरवॉचचा नेम कच्चा असतो, पण लपलेल्या अवस्थेतून सुटलेल्या गोळीला ती कपात लागत नाही. तो पहिला क्षण फुकट घालवला की पुढचं मिशन घाम काढतं.

अदृश्य रेषा

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक युनिटभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. युनिट पाच हेक्स चालू शकत असेल आणि शेजारच्या हेक्सवर वार करू शकत असेल, तर त्याची पोच सहा हेक्स. (हेक्स म्हणजे नकाशावरचा षटकोनी घर.) n हेक्सच्या आत एकूण घरं किती, याचं सूत्र सोपं आहे : ३n(n+१)+१. पाचला ९१ घरं, सहाला १२७. म्हणजे एका हेक्सची पोच वाढली की ३६ घरं जास्त धोक्यात आली. घोडेस्वार महाग का असतात ते इथे कळतं.

समजा माझी पोच नऊ आणि त्याची सहा. मी त्याच्यापासून आठ हेक्सवर उभा राहिलो तर मी त्याला मारू शकतो, तो मला नाही. आणि दोघांची पोच सारखी असेल तर? मग जो आधी समोरच्याच्या वर्तुळात पाऊल टाकतो तो मार खातो. म्हणून चांगले खेळाडू कित्येक टर्न नुसते मागे-पुढे करत बसतात. बघणाऱ्याला वाटतं, हे झोपलेत. ते झोपलेले नसतात, ते हेक्स मोजत असतात.

ही पोच वाढवण्याच्या युक्त्याही भारी आहेत. 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' (१९९९) आठवतो का? त्यात एक हिरो दिवसभर चालून थकला की फौज पुढच्या हिरोच्या हातात द्यायची. तो पुढे पळतो, तिसऱ्याला देतो. जुन्या डाकचौकीसारखं. हिरो जागेवर राहतात आणि फौज मात्र कित्येक दिवसांचं अंतर एका दिवसात कापते. समोरचा निर्धास्त असतो, कारण काल त्याने मोजलेलं वर्तुळ एकाच हिरोचं होतं.

धुकं, झाडी आणि रात्र

लपण्याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं. वेसनॉथमध्ये काही युनिटना जंगलात दबा धरता येतो, उदाहरणार्थ एल्फांचा रेंजर. शत्रू अगदी शेजारी येईपर्यंत ते दिसत नाही, आणि जो शत्रू चालता चालता त्याच्यावर अडखळतो त्याची उरलेली चाल तिथेच संपते. म्हणजे तो आपल्या दारात उघडा उभा! सांगाडे खोल पाण्यात लपतात. शिवाय दिवस-रात्रीचं चक्र आहे, सहा टर्नचं : पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज, रात्रीचा पहिला प्रहर, दुसरा प्रहर. ऑर्क मंडळी रात्री पंचवीस टक्के जास्त जोराने मारतात, माणसं रात्री पंचवीस टक्के कमी. दहाचे आपले साडेबारा, त्याच्या दहाचे साडेसात. म्हणून दिवेलागणीला पोचायचं, दोन प्रहर मारायचं आणि उजाडायच्या आत निघायचं.

'निघायचं' हा शब्द लक्षात ठेवा. माझे लांडगे पोचले होते रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी. म्हणजे मारायला एक टर्न मिळाला, आणि नंतर पहाट.

आणि एक चूक होती. वेसनॉथमध्ये शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल टाकलं की आपली चाल संपते, याला 'झोन ऑफ कंट्रोल' म्हणतात. त्यामुळे दोन युनिटमध्ये दोन घरं मोकळी दिसली तरी तिथून एका टर्नमध्ये निसटता येत नाही. चोपडेकराने माझ्यामागे फक्त तीन भालेवाले अंतर ठेवून उभे केले. मला वाटलं, मोकळं तर आहे! ते मोकळं नव्हतं, दार बंद झालं होतं. मी जाताना पोच मोजली होती, परतीची मोजलीच नव्हती.

३० जानेवारी १६८१

आता आपल्या खानदेशकडे वळू. गनिमी कावा म्हटलं की आपल्याला लाल महाल आणि शाहिस्तेखानाची बोटं आठवतात. त्यावर खूप लिहून झालंय. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते बुऱ्हाणपूरच्या छाप्यात, आणि तो सगळा नकाशा आपल्या एसटीच्या रूटवरचा आहे.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी त्या काळी खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं, श्रीमंत बाजारपेठ. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी १६८१ मध्ये झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बुऱ्हाणपूरवर झडप घातली. मोगलांचा दख्खनचा सुभेदार बहादूरखान औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) होता. बुऱ्हाणपुरात त्याचा नायब काकरखान, जवळ अगदी थोडी शिबंदी. मराठी फौज त्याआधी वऱ्हाडात लूट करत होती, साधारण ३५ कोसांवर. ३५ कोस म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. बुऱ्हाणपूरकरांनी वर्तुळ काढलं असेल ते नेहमीच्या फौजेचं, दिवसाला दहा-बारा कोसांचं. हंबीररावांनी ते अंतर एका दमात कापलं आणि शहराबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर येऊन पडले. तटाच्या आत न शिरता बाहेरचे श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले.

इथे 'हिरोज ३'चा एक नियम आठवतो. हिरो दिवसाला किती चालणार हे त्याच्या फौजेतलं सगळ्यात हळू युनिट ठरवतं. वेग ३ चा प्राणी असेल तर दिवसाला १५०० पॉइंट, सगळे ११ किंवा त्याहून वेगवान असतील तर २०००. साध्या जमिनीवरचं एक घर १०० पॉइंटचं. एक मठ्ठ प्राणी सोबत ठेवला की रोजची पाच घरं गेली! मोगली फौजेबरोबर तोफा, तंबू, बाजारबुणगे असत. मराठ्यांनी हळू युनिट ठेवलंच नव्हतं.

पण आता खरी गंमत. लूट हातात आली की तुमच्याकडेही हळू युनिट आलं. सोनं-नाणं लादलेले घोडे वाऱ्यासारखे पळत नाहीत.

बहादूरखानाला बातमी लागली तसा तोही जोरात निघाला. खाफीखान या मोगली इतिहासकाराने लिहिलंय की औरंगाबादपासून ३२ कोसांवरच्या फर्दापूरच्या घाटाशी तो एका दिवस-रात्रीत पोचला. म्हणजे खान काही आळशी नव्हता. घाट उतरायला तीन-चार प्रहर गेले. अजिंठ्याला सहलीला गेलेल्यांना फर्दापूर माहीत आहे. तिथून उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडे गेलात तर एदलाबाद, म्हणजे आपलं मुक्ताईनगर, आणि पुढे बुऱ्हाणपूर. डावीकडे गेलात तर धरणगाव, चोपडा. खान उजवीकडे गेला. मराठे नेता येईल तेवढं घेऊन, बाकीचं टाकून, चोपड्याच्या वाटेने निघाले आणि चार-पाच दिवसांत बागलाणातल्या साल्हेरच्या किल्ल्यावर पोचले.

नकाशावर मोजपट्टी लावून बघा. बुऱ्हाणपूर ते चोपडा आणि चोपडा ते साल्हेर, सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. चार-पाच दिवसांत म्हणजे दिवसाला पन्नास-साठ. येताना एका दमात शंभरच्या वर आणि जाताना दिवसाला त्याच्या निम्मे. लुटीची किंमत निम्मा वेग! आणि हे छापा टाकणाऱ्यांना आधीच माहीत असणार, कारण परतीची वाट आणि शेवटचा किल्ला ठरलेला दिसतो. माझ्या लांडग्यांकडे साल्हेर नव्हता.

एक गोष्ट गेममध्ये दिसत नाही ती इथे लिहायला हवी. त्या तीन दिवसांत ज्यांची घरं-दुकानं लुटली गेली ती रयतच होती. बुऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठितांनी बादशहाला कळवलं की आमची अब्रू आणि मालमत्ता सुरक्षित नसेल तर शुक्रवारची जाहीर नमाज बंद ठेवू. औरंगजेब त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. त्याला दक्षिणेत आणणारं मोठं कारण म्हणजे त्याचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता हे. पण बुऱ्हाणपूरची तक्रारही त्यात होती. छाप्यानंतर समोरच्याचीही टर्न असते, आणि कधी कधी ती सव्वीस वर्षं चालते.

आमचा प्रयोग

वाचून समाधान झालं नाही, म्हणून आम्ही वेसनॉथच्या मॅप एडिटरमध्ये खानदेश काढला. एक हेक्स म्हणजे चार कोस. त्यामुळे औरंगाबाद ते फर्दापूर बरोबर आठ हेक्स, आणि वेसनॉथच्या घोडेस्वाराची चालही आठ! हे जुळलं तेव्हा आम्ही रात्री एक वाजता टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या रूमवरून शिव्या आल्या. तापी, सातपुडा, अजिंठ्याचा घाट सगळं बसवलं. धुकं चालू ठेवलं. एक नियम आमच्या पदरचा, कागदावर लिहून : स्वाराने लुटीची एक थैली उचलली की त्याची चाल एकने कमी.

मी मराठे घेतले, चोपडेकर बहादूरखान झाला. त्याने तो इतिहास वाचलेला नव्हता, आम्ही मुद्दामच सांगितला नव्हता.

पहिला डाव. मी बुऱ्हाणपूरवर पडलो, थैल्या उचलल्या. तो फर्दापूरला आला, थोडा वेळ नकाशाकडे बघत बसला आणि उजवीकडे गेला, थेट एदलाबाद. मी चोपड्यामार्गे साल्हेरला पोचलो. आठही स्वार, भरलेल्या थैल्या.

खाफीखानाने एक गोष्ट नोंदवली आहे : बहादूरखानाने पैसे खाऊन मराठ्यांना वाट मोकळी करून दिली, असं त्याचे विरोधक म्हणत होते. खरं-खोटं इतिहासकारांनी ठरवावं. पण आमच्या गड्याने तर माझ्याकडून साधा चहाही घेतला नव्हता, तरी तो उजवीकडेच गेला! का गेलास विचारलं तर म्हणाला, "आग तिकडे लागलीय ना भो, माणूस तिकडेच पळणार."

मग त्याला धरणगावचा हिशोब दाखवला. फर्दापूर ते धरणगाव साधारण पाच-सहा हेक्स. रिकाम्या घोड्यांना एक टर्न. बुऱ्हाणपूरहून तिथवर आठ-नऊ हेक्स, आणि थैल्या लादलेल्या घोड्याला दोन टर्न. शत्रू आत्ता कुठे आहे तिकडे जायचं नाही, तो दोन टर्नांनी कुठे असेल तिथे जाऊन बसायचं. आपल्या यंत्र शाखेत 'रिलेटिव्ह व्हेलॉसिटी'ची गणितं सोडवताना हेच करतो, फक्त तिथे गाड्या असतात.

दुसऱ्या डावात तो गपचूप डावीकडे गेला. धुक्यात मला दिसला नाही. माझ्या प्रत्येक स्वाराकडे तीन-तीन थैल्या, चाल उरलेली पाच. यावलच्या पुढे माझा पहिला स्वार त्याच्या भालेवाल्यावर अडखळला. मागे वळायला वाट होती, पण थैल्यांसकट नाही. तिथेच मी अकरा थैल्या टाकून दिल्या, सातपुड्याच्या कडेने तीन टर्न जास्त घालवून फिरलो आणि साल्हेरला पोचलो तेव्हा माझ्याकडे दोन स्वार आणि चार थैल्या होत्या.

पैजेचा निकाल काय लावायचा यावर वाद झाला. शेवटी भरिताचा खर्च निम्मा-निम्मा केला. तिसऱ्या डावासाठी नकाशाची फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर आहे, कुणाला बहादूरखान व्हायचं असेल तर मेसच्या वेळेत भेटा.